बाळ काचेत, बाळंतीण घरी?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातल्या सासूबाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

सुनेचं हे पहिलंच बाळंतपण. आठव्या महिन्यात बीपी एकदम वाढलं, अंगावर सूज आली, डोकं ठणकायला लागलं. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात एकतिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन 1300 ग्रॅम. आज ती बारा दिवसांची आहे आणि जन्मल्यापासून काचेत आहे. श्वासाचं मशीन निघालं, दूध नळीने दर दोन तासांनी 14 मिली देतात. मध्ये वजन 1180 पर्यंत उतरलं होतं, आता 1290 झालंय. सिस्टर म्हणतात, आईने रोज येऊन बाळाला छातीशी घेऊन बसायचं, जितका जास्त वेळ तितकं चांगलं. विहीणबाई म्हणतात, टाके ओले आहेत, मुलीला सिन्नरला नेते, सव्वा महिना हलू देणार नाही. सासूबाईंनाही तेच पटतं. “तिथे नर्स आहेत, मशिनी आहेत. ही बसून काय करणार? आणि खरं सांगते, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही असं आम्ही ऐकत आलो. लळा लागला आणि काही बरंवाईट झालं तर ही पोर सावरायची नाही.” त्यात मुलगा बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायला निघालाय. एक नातेवाईक मुंबईला हलवा म्हणतात, दुसरे सिव्हिलला. काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

आधी त्या सातव्या-आठव्याचं बघू. कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न मला त्या एका भीतीतून फुटलेले दिसतात.

हे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येतं आणि ते चूक आहे. बाळाने पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याच्या पथ्यावरच पडतो. फुप्फुसं उघडी ठेवणारा एक पातळ थर आतून तयार व्हावा लागतो, डॉक्टर त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो आठवड्यागणिक वाढत जातो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, म्हणूनच तुमची नात अजून नळीने दूध घेते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या बाळापेक्षा एकतिसाव्याचं भक्कम आणि एकतिसाव्याच्यापेक्षा चौतिसाव्याचं. आठव्या महिन्यात मध्येच कुठे खड्डा लागत नाही. हा समज आला कुठून, तर माझा अंदाज असा की सोनोग्राफी नव्हती तेव्हा महिने बोटांवर मोजायचे. भरत आलेलं पण अंगाने बारीक असं बाळ ‘सातव्यातलं’ ठरायचं आणि जगायचं, खरोखर अपुऱ्या दिवसांचं बाळ दगावायचं.

वजन उतरलं म्हणून तुम्ही घाबरलात. पहिल्या आठवड्यात अशा बाळांचं वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून थोडं जास्तही उतरतं. अंगातलं पाणी कमी होतं म्हणून. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तुमची नात बाराव्या दिवशी 1290 वर आहे. ती वेळापत्रकाप्रमाणे चालली आहे.

तरी सगळं निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. दीड किलोच्या आतल्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो, आतड्यांना सूज येऊ शकते, झोपेत श्वास काही क्षण थांबू शकतो. एकतिसाव्या आठवड्यातली बहुतेक बाळं चांगल्या कक्षात जगतात आणि घरी येतात, पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळी’ नव्हेत. तुमची भीती खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या भीतीवर तुम्ही काढलेला उपाय, म्हणजे आईला बाळापासून लांब ठेवायचं, हा बाळाचा धोका वाढवणारा आहे.

तुम्ही विचारता, ही तिथे बसून काय करणार. काचेची पेटी बाळाला ऊब देते. आईची छाती तीच ऊब देते, शिवाय आणखी बरंच काही देते. 1978-79 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडायच्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागायची. तिथल्या डॉ. एडगर रे यांनी आयांना सांगितलं, बाळ उघड्या छातीवर ठेवा. नाइलाजाने सुरू झालेली ही कांगारू पद्धत पुढे जगभर गेली, कारण तिच्यात बाळं सुधारत होती. 2021 मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. बाळं होती 1 ते 1.8 किलोची, म्हणजे तुमच्या नातीच्याच वजनाची. काही बाळांना तब्येत स्थिर होईपर्यंत पेटीत ठेवून मग कांगारू दिलं, काहींना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिलं. दुसऱ्या गटात मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना कांगारू रोज 8 ते 24 तास मिळावं.

तेव्हा सिस्टर सुनेला बोलावतात ते तिचं मन रमावं म्हणून नव्हे. त्या उपचारासाठी बोलावतात. हा उपचार औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि बिलातही लागत नाही. आपल्याकडे आईला काचेबाहेर उभं करून “चार ते पाच भेटायची वेळ” सांगायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे आणि मला ती फार खटकते. तुमच्या रुग्णालयाने स्वतःहून आत बोलावलंय, हे नशीब समजा.

हे करतात कसं ते सांगते, म्हणजे टाक्यांची धास्ती कमी होईल. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. सुनेने पुढून उघडणारा गाऊन घालायचा, मागे रेलता येईल अशा खुर्चीत किंवा पलंगावर उशा लावून बसायचं. सिस्टर बाळाला उभं धरून दोन्ही स्तनांच्या मधोमध ठेवतात. मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ सुती पट्टा किंवा ओढणी बांधतात, इतकी घट्ट की आई उठली तर बाळ सरकू नये. वर गाऊन बंद. दुधाची नळी तशीच राहते, दूध त्याच स्थितीत देता येतं. बाळाचा भार छातीवर येतो, टाके खाली पोटावर. एकदा बसलं की निदान तासभर उठू नये, सारखं घे-ठेव केल्याने बाळ दमतं. सुरुवातीला सून घामाघूम होईल, हात आखडतील, जरा हललं तरी दचकेल. एक-दोन दिवसांत बाळ तिच्या श्वासाबरोबर वरखाली होताना दिसेल आणि मॉनिटरवरचे आकडे स्थिरावतील, तेव्हा तिलाच उठवत नाही असं बऱ्याच आया सांगतात.

आता विश्रांती. सव्वा महिन्याच्या रिवाजात मला चांगलं बरंच दिसतं. बाळंतिणीने पाण्याचे हंडे उचलू नयेत, चुलीपुढे बसू नये, तिला गरम ताजं कोणीतरी वाढावं, हे आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेलं संरक्षण आहे. ते मोडू नका, रुग्णालयापर्यंत न्या. सुनेला विश्रांती घरकामापासून हवी आहे, बाळापासून नको. रेललेल्या खुर्चीत बाळ छातीवर घेऊन पडून राहणं हीदेखील विश्रांतीच आहे. निफाड ते नाशिक रोज जा-ये करणं मात्र विश्रांती नाही, गाडीतले हादरे तिला आता नकोत. रुग्णालयात आयांसाठी खोली आहे का विचारा. नसेल तर जवळपास महिन्याभरासाठी खोली बघा, किंवा नाशिकमध्ये हक्काचं कोणी असेल त्यांच्याकडे सोय करा.

तिला सिन्नरला नेऊन ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, जी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. तिचं बीपी. बाळ झालं म्हणजे तो आजार संपला असं होत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी पुन्हा उसळू शकतं. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करायच्या नाहीत आणि डॉक्टर सांगतील तसं बीपी मोजत राहायचं. डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखायला लागलं, दम लागला किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करायचा. ती बाळाजवळ असेल तर डॉक्टरांच्याही नजरेसमोर राहील.

आणि दूध. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईचं दूध त्या बाळासाठीच बनलेलं असतं, त्यात प्रथिनं आणि रोगाशी लढणारे घटक जास्त असतात. आतड्यांच्या ज्या सुजेचं मी वर म्हटलं, तिच्यापासून सगळ्यात मोठं संरक्षण आईच्या दुधाचं आहे. पण बाळ स्वतः ओढत नसेल तर दूध पिळून काढावं लागतं, दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा, त्यात रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. आई तीस किलोमीटरवर असली की दोन-चार दिवसांत दूध आटायला लागतं. मग “दूधच येत नाही हिला” म्हणून पावडरचा डबा येतो. बाळाला छातीशी धरल्यावर दूध जास्त सुटतं, म्हणून कांगारू झाल्यावर लगेच पिळायला बसवा. रात्री तीनला गजर लावून उठणाऱ्या त्या पोरीजवळ कोणीतरी जागं असावं, पंप धुऊन द्यावा, कोमट पाणी द्यावं. माझ्या मते ताई, हे काम तुमचं आहे. सुरुवातीला चार-पाच मिलीच निघालं तर तिच्यापुढे “एवढंच?” म्हणू नका. तिचं दूध खरंच कमी पडलं तर मानवी दूधपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली, तेव्हापासून ही सोय आपल्याकडे आहे.

सुनेने दिवसभर एकटीने बसावं असं मी म्हणत नाही. कांगारू तुम्हीही देऊ शकता. बाबाही देऊ शकतात, शर्ट काढून, अंघोळ करून, अंगठ्या-कडं-धागा उतरवून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन. सर्दी-खोकला असेल त्याने आत जायचं नाही, तंबाखू खाऊन किंवा बिडी ओढून तर नाहीच. सकाळी सून, दुपारी ती जेवून झोपेल तेव्हा तुम्ही, संध्याकाळी मुलगा, असं वाटून घेतलं तर बाळाला दहा-बारा तास सहज मिळतील. भारत सरकारने 2017 मध्ये सरकारी नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात घरच्यांना शिकवून बाळाच्या काळजीत सामील करून घ्यायचं असंच सांगितलंय. लंगोट बदलणं, वाटी-चमच्याने किंवा पलाडीने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, दूध पाजणं, अंग पुसणं, हे सगळं सिस्टरांकडून तिथेच शिकून घ्या. घरी गेल्यावर रात्री दोनला विचारायला सिस्टर नसतील.

लळ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचताना मी थांबले. हे तुम्ही सुनेच्या मायेपोटी लिहिलंय, मला कळतं. पण नऊ महिने पुरे झाले नाहीत तरी लळा लागायचा तो केव्हाच लागलाय. जिने बाळाला उराशी धरलंच नाही तिचं दुःख कमी होतं असं मी कधी पाहिलेलं नाही. उलट “मी तिला एकदा घेतलंसुद्धा नाही” हे वाक्य वर्षानुवर्षं आतून कुरतडत राहतं. बाळ घरी येणार असेल तर ही जवळीक बाळाला लागणार आहे, आणि देव न करो, नसेल येणार, तर आईला. दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

सावरण्याचं म्हणाल, तर तिच्यावर लक्ष ठेवा. काचेत बाळ ठेवून आलेल्या आयांना खचल्यासारखं होणं फार साहजिक आहे. रडू येईल, झोप उडेल. पण दोन आठवडे उलटूनही ती कशातच लक्ष घालत नसेल, बाळाकडे बघायला नको म्हणत असेल किंवा “माझ्यामुळेच झालं, मी नसलेली बरी” असं बोलत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस हा सरकारी फोन 14416 वर रात्रंदिवस मराठीत बोलतो, फुकट. आणि घरात कोणी “हिने नीट खाल्लं नाही, वाकून कामं केली” असं म्हणत असेल तर ते तुम्ही थांबवा. असं बीपी वाढण्याचं मूळ बहुतेकदा वार नीट न रुजण्यात असतं, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच. तिने काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. पुढच्या खेपेला मात्र दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा, तिसरा महिना सरताना सुरू करायच्या गोळ्या असतात, त्याने धोका कमी होतो.

पैशांकडे येते. बागेवर उचल घेण्याआधी दोन दिवस थांबायला मुलाला सांगा. आधी रुग्णालयाच्या काउंटरवर विचारा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे रुग्णालय आहे का आणि नवजात बाळांचे उपचार तिथे योजनेतून होतात का. रुग्णालय योजनेत असलं तरी सगळे विभाग असतातच असं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळं विचारायचं. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आता पांढरं रेशनकार्डही चालतं. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे आईवडिलांचं रेशनकार्ड, आधार आणि जन्माचा कागद घेऊन जा. जन्मनोंद 21 दिवसांच्या आत झाली का तेही बघा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही नवजात बाळाच्या आजारासाठी अर्ज करता येतो. आणि बिल शेवटी एकदम बघू नका. दर तीन दिवसांनी तपशीलवार मागा. बाळ श्वासाच्या मशीनवरून उतरलं की रोजचा खर्चही उतरायला हवा, तो उतरलाय का ते त्यात दिसेल.

सिव्हिलचं नाव काढल्यावर घरात कोणी नाक मुरडलं असेल. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष काळजी कक्ष आहे, त्याला एसएनसीयू म्हणतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, त्याखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाची औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली बाळं सरकारी कक्षांतच वाचतात. गर्दी असते, हे खरं. एका सिस्टरकडे बाळं जास्त असतात, म्हणून तिथे घरच्यांच्या हातांची गरज आणखी वाढते. पैसा खरोखरच पुरणार नसेल तर कर्जात बुडण्यापेक्षा सिव्हिल हा चांगला मार्ग आहे. पण हलवायचं ते ठरवून. आधी आत्ताच्या डॉक्टरांशी बोला, ते तिथल्या डॉक्टरांशी बोलतील, जागा आहे याची खात्री करतील. बाळाचा पूर्ण केसपेपर बरोबर घ्या. बाळ उबदार राहील आणि प्राणवायू लागला तर देता येईल अशा रुग्णवाहिकेतूनच न्या. रागाच्या भरात स्वतःच्या सहीवर डिस्चार्ज घेऊन, मांडीवर टॉवेलात गुंडाळून नेलेली बाळं वाटेतच गार पडतात. ही चूक कोणीही करू नये.

मुंबईला हलवा म्हणणाऱ्यांना एकच विचारा, आणि तेच डॉक्टरांनाही : या बाळाला असं काय लागणार आहे जे नाशिकमध्ये मिळत नाही? हृदयाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर प्रश्न वेगळा. वाढ, ऊब, दूध आणि जंतूंपासून बचाव एवढंच हवं असेल तर कसारा घाट उतरून काही हाती लागणार नाही, आणि सगळं कुटुंब मात्र उपरं होईल.

डॉक्टरांशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा. रोज एकदा, वही घेऊन. आजचं वजन, दुधाचे मिली, श्वास थांबल्याचे प्रसंग, कोणतं औषध सुरू किंवा बंद झालं. पाच नातेवाईकांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात आणि घरात भांडणं लागतात.

त्या वहीच्या पहिल्या पानावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहा. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही म्हणून मी घाबरले. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, डॉक्टर त्याला आरओपी म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, डोळे लाल होत नाहीत, पाणी येत नाही. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचते, पण उपचार सापडल्यापासून दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात. वेळ गेली तर बाळ आयुष्यभरासाठी आंधळं होऊ शकतं. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, मग बाळ रुग्णालयात असो की घरी. तुमच्याकडे अठरा दिवस आहेत. आणि एकदा “ठीक आहे” म्हटलं तरी पुन्हा बोलावतात, पडदा पूर्ण तयार होईपर्यंत त्या तारखा चुकवायच्या नाहीत, द्राक्षाची तोड ऐन भरात असली तरी. कानांची तपासणी पहिल्या महिन्यात, आणि मेंदूची सोनोग्राफी झाली का हेही विचारून ठेवा.

बाळ घरी येईल तेव्हा घर कसं असावं हे आत्तापासून ठरवा. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगू. बाळासाठी एक बंद, कोरडी खोली ठेवा, कांगारू घरीही चालू ठेवा, पण कोळशाची शेगडी आणि धुरी खोलीत नको. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. गुटी, मध, काजळ, नाकाकानात तेल, यातलं काहीच नको. तुमच्या हातची गुटी घेऊन तुमची मुलं वाढली असतील, पण ती पुऱ्या दिवसांची होती. बागेत फवारणी करून आलेल्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पाचवी, बारसं, बघायला येणारी पाहुणेमंडळी, सगळं पुढे ढकला. लस मात्र ढकलायची नाही, ती जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. बसणं, रांगणं, बोलणं याचा हिशोब वेगळा. तो डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरायचा, दोन वर्षांची होईपर्यंत. शेजारच्या पुऱ्या दिवसांच्या नातवाशी तुलना करून सुनेला रडवू नका.

आशाताईला आत्ताच कळवून ठेवा. पहिल्या 42 दिवसांत तिच्या घरभेटी ठरलेल्या असतात. काचेतून आलेल्या बाळांकडे त्यानंतरही तिने यायचं असतं. या भेटींचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तुमच्या दारी येणारी ती बाई त्या कामाची वारस आहे, तिला चहा पाजून परत पाठवू नका, बाळाचं वजन करायला लावा. बाळाने दूध ओढणं सोडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास दिसले, छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे पडले, झटका आला किंवा बाळ नेहमीसारखं हलेना, यातलं एक जरी दिसलं तर थेट रुग्णालय.

राहिल्या विहीणबाई. त्यांना “आमच्या घरची रीत वेगळी” असं म्हणून परतवू नका, त्यांची लेक ऑपरेशन झालेली आहे, त्यांचा जीव तुटणारच. उद्या त्यांनाच नाशिकला बोलवा आणि तुम्ही दोघी मिळून सिस्टरांपुढे बसा. टाक्यांचं आणि बीपीचं काय, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. सिन्नरची सगळी बाळंतविद्या इकडेच मागवा : अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम बाजरीची भाकरी, सुनेच्या बीपीमुळे मीठ किती चालेल ते डॉक्टरांना विचारून. एक आठवडा त्यांनी रात्री लेकीजवळ राहायचं, एक आठवडा तुम्ही. दिवसा ज्या मोकळ्या असतील त्यांनी नातीला छातीशी घ्यायचं. पहिल्या दिवशी तुम्ही बसा आणि त्यांना शेजारी बसवा, नाहीतर उलट करा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली की मला दोन ओळी लिहा, मी वाट बघते आहे.